काळ्या काचेचं गाव कोणतं?

ग्रीसच्या दक्षिण भागात, किलाधा नावाच्या खाडीच्या काठावर एक मोठी गुहा आहे. फ्रांख्थी तिचं नाव. १९६७ ते १९७६ या काळात अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाचे थॉमस जेकबसन यांनी तिथे उत्खनन केलं. माणसं या गुहेत हजारो वर्षं येत-जात होती, राहत होती, त्यामुळे मातीचे थर एकावर एक साचलेले. त्यांत हाडं, बिया, शिंपले, दगडाच्या कपच्या. खालच्या थरांपैकी काही साधारण १३,००० वर्षांपूर्वीचे, म्हणजे शेतीचा अजून पत्ताही नव्हता तेव्हाचे. त्या मातीत काळ्या, चकचकीत दगडाचे मोजके तुकडे निघाले.

हा दगड ऑब्सिडियन. ज्वालामुखीतून बाहेर पडलेली नैसर्गिक काच. गुहेच्या आसपास तो मिळत नाही. मिळतो तो मिलोस नावाच्या बेटावर, सरळ रेषेत मोजलं तरी सव्वाशे-दीडशे किलोमीटर लांब. त्या काळी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा बरीच खाली होती, त्या भागातली कितीतरी बेटं जमिनीनं एकमेकांना जोडलेली होती. पण मिलोस तेव्हाही बेटच होतं. पाणी ओलांडल्याशिवाय तिथे पोचायला वाट नव्हती.

म्हणजे कुणीतरी पाणी ओलांडलं होतं. ज्या होडीतून किंवा तराफ्यावरून ओलांडलं, तिचा मागमूस नाही. लाकूड, कातडं, लव्हाळी इतकी वर्षं कुठली टिकायला! इथल्या माणसाला दर्यावर जाता येत होतं याचा पुरावा म्हणून हाती आहे तो एवढाच काळा तुकडा.

पण थांबा. हा सगळा डोलारा एका गोष्टीवर उभा आहे: तो तुकडा मिलोसचाच आहे, दुसरीकडचा नाही. हे कशावरून? दगडावर गावाचं नाव तर कोरलेलं नसतं.

खडीसाखर आणि लिमलेटची गोळी

साखरेचा पाक संथपणे थंड होऊ दिला तर खडीसाखरेचे खडे धरतात. तोच पाक गरमागरम परातीत ओतून पटकन थंड केला तर खडे धरायला वेळच मिळत नाही आणि लिमलेटच्या गोळीसारखी पारदर्शक, कडक चकती तयार होते. शिलारसाचंही असंच. जमिनीखाली सावकाश थंड झाला की त्यात स्फटिक वाढतात, ग्रॅनाइटसारखा दाणेदार खडक होतो. बाहेर पडून भरभर थंडावला की काच.

नुसतं भरभर थंडावून मात्र भागत नाही. शिलारस चिकट हवा. त्यात सिलिका, म्हणजे वाळूत असते ती, जितकी जास्त तितका तो घट्ट. ऑब्सिडियनमध्ये ती साधारण ७० टक्क्यांच्या वर असते. पाण्यासारखा पातळ रस आणि काकवीसारखा दाट रस यांत जो फरक, तोच इथे. दाट रसात अणूंना हलायला, आपापल्या जागा शोधून स्फटिकात बसायला जमत नाही. आहेत तिथेच ते गोठतात.

स्फटिक नाहीत म्हणून दगडाला ठरावीक चिरणीची दिशा नाही. ठोका मारला की शिंपल्यावर असतात तशी वलयं उमटून कपची निघते आणि तिची कड अशी धारदार असते की नेहमीच्या पोलादी पात्याची धार तिच्यापुढे सूक्ष्मदर्शकाखाली करवतीसारखी दिसावी. अश्मयुगातल्या माणसाला यापेक्षा चांगलं पातं मिळणं शक्य नव्हतं. ठिसूळ होतं एवढाच दोष.

नावाची एक गंमत सांगतो. रोमन लेखक प्लिनी म्हणतो की ओब्सियस नावाच्या माणसाला हा दगड इथिओपियात सापडला, त्यावरून हे नाव पडलं. आणि साधारण त्याच शतकात कुणा ग्रीक व्यापाऱ्यानं तांबड्या समुद्रापासून आपल्या किनाऱ्यापर्यंतच्या प्रवासाची माहिती लिहून ठेवली, ती ‘पेरिप्लस’ म्हणून प्रसिद्ध आहे. पैठण, तेर आणि कल्याण या गावांचा उल्लेख तिच्यात येतो म्हणून आपल्याकडे इतिहासाच्या पुस्तकांत ती हटकून असते. त्याच ‘पेरिप्लस’मध्ये तांबड्या समुद्राच्या आफ्रिकेकडच्या काठावर, एका खोल खाडीच्या टोकाला वाळूत मिळणाऱ्या या काळ्या दगडाची नोंद आहे. हा दगड फक्त इथेच होतो, असंही लेखकानं ठामपणे लिहून टाकलंय. बिचाऱ्याला मिलोस ठाऊक नव्हतं.

गोड्या मसाल्याची चव

मिलोसचं ऑब्सिडियन काळं, तुर्कस्तानातलं काळं, इटलीजवळच्या लिपारी बेटावरचंही काळंच. डोळ्यांनी बघून सांगायची सोय नाही. काही अपवाद आहेत. मेक्सिकोतल्या पाचुकाचा दगड उजेडात धरला की सोनेरी-हिरवट झाक मारतो, सिसिलीजवळच्या पांतेलेरियाचाही हिरवट दिसतो. पण रंगावर विसंबलं की फसायला होतं.

गोडा मसाला घ्या. धणे, सुकं खोबरं, तीळ ही भरती घरोघरी तीच. वजनात पाहिलं तर बहुतेक माल सारखा. फरक पडतो तो दगडफूल किती घातलं, नागकेशर आहे की नाही, दालचिनीचा हात सैल होता की आवळता, यावर. चिमूटचिमूटभर जिनसा, पण आमटीच्या पहिल्या भुरक्यालाच आजी सांगते, ‘हा आपल्याकडचा नव्हे, ठाण्याच्या काकूचा दिसतोय.’

ऑब्सिडियनमध्ये सिलिका, अॅल्युमिनियम, सोडियम, पोटॅशियम म्हणजे धणे-खोबरं. जगभर थोड्याफार फरकानं तेच. ओळख पटते ती दगडफुलावरून, म्हणजे रुबिडियम, स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम, निओबियम, बेरियम असल्या मूलद्रव्यांवरून. ही दगडात असतात ती पीपीएममध्ये, म्हणजे दहा लाख भागांत इतके भाग. १०० पीपीएम म्हणजे एक टन दगडात १०० ग्रॅम.

आता ही चिमूट जागोजागी वेगळी का? एसटीची गाडी डोळ्यांपुढे आणा. शिलारस जमिनीखाली थंडावताना त्यात हळूहळू स्फटिक धरू लागतात. स्फटिक म्हणजे गाडीतली बाकं, मापं ठरलेली. स्ट्रॉन्शियम अंगापिंडानं कॅल्शियमसारखं असतं, त्यामुळे फेल्डस्पार नावाचा स्फटिक तयार होताना ते कॅल्शियमच्या जागेवर बिनबोभाट बसून घेतं आणि उरलेल्या रसातून कमी होत जातं. रुबिडियम थोराड अंगाचं. निओबियम आणि झिर्कोनियम यांचा विद्युतभारच असा की त्या बाकांवर त्यांचं जमत नाही. ही मंडळी दारापाशी उभी राहतात, म्हणजे द्रवातच. स्फटिक वाढत जातात, द्रव आटत जातो, तशी या उभ्या प्रवाशांची दाटी वाढते.

कुठल्या ज्वालामुखीखाली रस किती मुरला, कोणते स्फटिक आधी धरले आणि तळाशी बसले, आसपासचा कोणता खडक वितळून त्यात मिसळला, यावर शेवटची दाटी ठरते. दोन ज्वालामुखींचा हा सगळा इतिहास सारखा असणं अवघड. मग उद्रेक होतो, रस बाहेर येतो, काच होते, आणि जे प्रमाण त्या क्षणी होतं ते डबाबंद होतं. एका प्रवाहातून या टोकाचा तुकडा घ्या नाहीतर त्या टोकाचा, प्रमाण जवळपास तेच. पुरातत्त्वाच्या दृष्टीनं ऑब्सिडियनचं मोठेपण यात आहे: एका जागच्या दगडात आपसात फरक थोडा, दोन जागच्या दगडांत फरक मोठा.

चाळीतली पाच बिऱ्हाडं

या चिमटी मोजायच्या कशा? आज सर्रास वापरतात ती रीत क्ष-किरण प्रतिदीप्तीची, बोलताना सगळे एक्सआरएफच म्हणतात. यंत्र दगडावर क्ष-किरण सोडतं. त्यांच्या तडाख्यानं अणूच्या अगदी तळमजल्यावरचा एखादा इलेक्ट्रॉन बाहेर फेकला जातो. तळमजल्याची खोली रिकामी झाली की वरच्या मजल्यावरचा इलेक्ट्रॉन खाली उतरतो आणि उतरताना जास्तीची ऊर्जा क्ष-किरणाच्या रूपात टाकून देतो. ही ऊर्जा किती, हे प्रत्येक मूलद्रव्याचं ठरलेलं आहे. अणुक्रमांक वाढत जातो तशी तीही नेमानं वाढते. हेन्री मोझली या तरुण इंग्रज शास्त्रज्ञानं १९१३ मध्ये हे दाखवून दिलं.

इथे निसर्गानं पुरातत्त्वज्ञांवर एक उपकार करून ठेवलाय. रुबिडियम ३७, स्ट्रॉन्शियम ३८, इट्रियम ३९, झिर्कोनियम ४०, निओबियम ४१. ओळखीसाठी सगळ्यात उपयोगी पडणारी मूलद्रव्यं आवर्तसारणीत चाळीतल्या बिऱ्हाडांसारखी ओळीनं राहतात! त्यांच्या क्ष-किरणांच्या ऊर्जाही ओळीनंच येतात: १३.४, १४.२, १५.०, १५.८, १६.६ किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट. पडद्यावर पाच शिखरं शेजारीशेजारी उभी राहतात. कुठलं उंच, कुठलं बुटकं, यावरून कुणाच्या घरी किती माल ते कळतं.

प्रत्यक्षात काम दिसायला अगदी साधं. कपचीवरची माती पाण्यानं धुवायची. सपाट, स्वच्छ बाजू यंत्राच्या खिडकीवर येईल अशी ठेवायची. बटण दाबायचं. एक-दोन मिनिटं थांबायचं. कपचीला ओरखडाही पडत नाही. आकडे आले की आलेखावर एका अक्षावर स्ट्रॉन्शियम, दुसऱ्यावर झिर्कोनियम मांडायचं. आधी मोजून ठेवलेल्या डोंगरांचे ठिपके तिथे वेगवेगळ्या घोळक्यांत उभे असतात. आपला ठिपका कुठल्या घोळक्यात जाऊन पडतो ते बघायचं. आता तर केस वाळवायच्या ड्रायरएवढी, हातात धरायची यंत्रं निघाली आहेत. संग्रहालयातली वस्तू प्रयोगशाळेत न्यायची नाही, यंत्रच संग्रहालयात न्यायचं.

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला एक काळा गोल आरसा असाच तपासला. पहिल्या एलिझाबेथ राणीच्या दरबारी वावरलेला गणिती आणि ज्योतिषी जॉन डी याच्याकडे तो होता अशी परंपरा आहे, आणि या आरशात तो आत्मे बघायचा असं म्हणतात. आरसा मेक्सिकोतल्या अॅझ्टेक लोकांचा असावा, हा अंदाज जुनाच होता, पण अंदाजच. मँचेस्टर विद्यापीठाच्या स्टुअर्ट कॅम्पबेल यांच्या गटानं हातातलं यंत्र लावून पाहिलं आणि २०२१ मध्ये निकाल प्रसिद्ध केला: दगड मेक्सिकोतल्या पाचुकाचा. पाचुकाची खूण ठळक असते, झिर्कोनियम ९००-१,००० पीपीएमच्या घरात आणि स्ट्रॉन्शियम जवळजवळ नाहीच. त्याच संग्रहातल्या आणखी तीन वस्तूही तपासल्या. एक आरसा पाचुकाचाच निघाला, तर दुसरा आरसा आणि एक चौकोनी फरशी मेक्सिकोतल्याच उकारेओच्या दगडाची. इंग्लंडच्या जादूगाराचा आरसा मेक्सिकोच्या खाणीतून आलेला, हे सांगायला दोन मिनिटं पुरली.

बातम्यांमध्ये या पद्धतीला ‘दगडाचे बोटांचे ठसे’ म्हणायची फॅशन आहे. मला ती उपमा पटत नाही. ठसा माणसागणिक वेगळा असतो. इथे अख्ख्या डोंगराचा एकच ठसा, आणि कधीकधी दोन डोंगरांचा जवळजवळ सारखा. मसाल्याचीच उपमा बरी. आजी काकूचा मसाला ओळखते, कारण काकूकडे ती जेवलेली असते. जिथे कधी पानावर बसलीच नाही, त्या घरचा मसाला तिला फक्त ‘आपला नाही’ एवढंच कळेल. ऑब्सिडियनचंही तेच. भूशास्त्रज्ञांनी आधी डोंगर चढून, प्रवाह शोधून, नमुने आणून मोजलेले हवेत. ते नसतील तर यंत्र लाख महागाचं असो, उत्तर ‘अज्ञात’ असंच येणार.

१९६४ ची ठिणगी

एक्सआरएफ हाताशी येण्याआधीची गोष्ट जास्त रंगतदार आहे. केंब्रिजमध्ये कॉलिन रेनफ्रू हा विशीतला पुरातत्त्वाचा अभ्यासक एजियन समुद्रातल्या बेटांवर काम करत होता. भूशास्त्रज्ञ जो कॅन याच्याशी त्याची जोडी जमली. त्यांची रीत अशी: दगडाचा थोडा भुगा करायचा, कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये विजेचा लोळ पेटवून त्यात तो जाळायचा, आणि उठणाऱ्या प्रकाशाचा वर्णपट टिपायचा. कुठल्या रंगाची रेघ किती ठळक, त्यावरून कुठलं मूलद्रव्य किती. बेरियम आणि झिर्कोनियम या दोघांनीच बहुतेक काम केलं. १९६४ मध्ये भूमध्य समुद्राच्या परिसरावरचा त्यांचा लेख आला, आणि १९६६ मध्ये जॉन डिक्सन यांच्यासह पश्चिम आशियावरचा.

या दुसऱ्या लेखानं खरी खळबळ माजवली. जेरिको हे जगातल्या सगळ्यात जुन्या वस्त्यांपैकी एक. तिथल्या अगदी सुरुवातीच्या थरांतलं ऑब्सिडियन मध्य तुर्कस्तानातल्या ग्योल्लू दाग या ज्वालामुखी डोंगराकडचं निघालं. अंतर ७०० किलोमीटरहून जास्त. घोडा माणसाळलेला नाही, चाक नाही, मातीची भांडी भाजायची विद्याही यायची आहे, आणि काच मात्र ७०० किलोमीटर चालून आलेली.

रेनफ्रू एवढ्यावर थांबला नाही, त्यानं टक्केवारी मांडली. डोंगरापासून साधारण ३०० किलोमीटरच्या आतल्या गावांत घडवलेल्या दगडांपैकी ८० टक्के किंवा जास्तच ऑब्सिडियन. त्यापलीकडे मात्र आकडा धाडकन खाली, आणि अंतर वाढेल तसा कमी कमी होत शेवटी नावापुरता.

का बरं? कोकणातून हापूसची पेटी घरी येते तेव्हा काय होतं आठवा. पेटी उघडली की घरापुरते ठेवून शेजारी डझनभर जातात. शेजारीण त्यातले सहा आपल्या बहिणीला देते. बहीण दोन मोलकरणीच्या लेकराला. पेटी कुणीच पुढे नेली नाही, कुणी लांबचा प्रवास केला नाही, तरी चार घरांपलीकडच्या पोराच्या हातात रत्नागिरीचा आंबा पोचला, पण एकच. ऑब्सिडियन असंच हातोहात सरकलं असावं, असं रेनफ्रूचं म्हणणं. प्रत्येक गाव काही ठेवून घेतं, उरलेलं पुढच्या गावाला देतं. ३०० किलोमीटरच्या आतले लोक स्वतः डोंगरावर जाऊन आणत असतील, पलीकडचे सोयऱ्याधायऱ्यांकडून मिळवत असतील.

कल्पना सुंदर आहे, आणि सुंदर कल्पनांचं जे होतं ते हिचंही झालं. १९७० च्या दशकात इतरांनी गणित करून दाखवलं की माल अगदी स्वैर, दिशाहीन हातांतून फिरला तरी आलेखाची रेघ जवळपास अशीच पडते. रेघ बघून व्यवहार ओळखता येत नाही.

मग उलट उदाहरण बघू. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात सुमारे २,००० वर्षांपूर्वी होपवेल संस्कृतीच्या लोकांनी मातीची प्रचंड टेकाडं उभारली. त्यांत ऑब्सिडियनची देखणी, हाताएवढी पाती सापडतात, आणि एका टेकाडाखाली तर कपच्यांचा सव्वाशे किलोहून मोठा ढीग होता. ओहायोच्या आसपास ज्वालामुखी नाही. एकोणिसाव्या शतकात लोकांनी मेक्सिकोपर्यंत तर्क लढवले. १९६९ मध्ये जेम्स ग्रिफिन आणि सहकाऱ्यांनी अणुभट्टीत न्यूट्रॉनचा मारा करून केलेल्या विश्लेषणातून उत्तर दिलं: वायोमिंगमधलं यलोस्टोन, तिथला ऑब्सिडियन क्लिफ नावाचा कडा. ओहायोपासून सुमारे २,३०० किलोमीटर. नंतर काही तुकडे आयडाहोतल्या बेअर गल्चचेही निघाले.

मजा अशी की इथे आंब्याची पेटी चालत नाही. हातोहात आलं असतं तर वाटेतल्या गावागावांत जास्त माल आणि शेवटी ओहायोत चिमूटभर मिळायला हवा होता. आहे ते उलटं: वाटेत किरकोळ, शेवटी ढीग. ग्रिफिन यांचा कल असा की कुणीतरी मोहीम काढून, एकदा किंवा फार तर काही खेपांत, हा माल थेट आणला असावा. पेटी मधल्या कुणी उघडलीच नाही.

म्हणजे यंत्र ‘कुठला’ एवढंच सांगतं. ‘कसा आला’ हे सांगायला तुकडे किती, कुठे, कुठल्या अवस्थेत पडलेत ते बघावं लागतं. तुर्कस्तानातल्या चातालह्योयुक या अश्मयुगीन वस्तीत, जिथे सुमारे १९० किलोमीटरवरून दगड यायचा, ग्योल्लू दाग आणि जवळचाच नेनेझी दाग या दोन डोंगरांचा वाटा काळानुसार बदलत गेला, आणि पाती घडवायची पद्धतही बदलली. नुसतं रसायन बघणाऱ्याला यातला अर्धा भाग दिसलाच नसता.

जिथे फसगत होते

छोट्या यंत्रांचा सुळसुळाट झाला तेव्हा जाणत्या लोकांनी नाकं मुरडली, आणि ते अगदी उगाच नव्हतं. एका यंत्रानं झिर्कोनियम ११० सांगितलं आणि दुसऱ्यानं १३०, तर डोंगर बदलला की यंत्र? प्रमाणित नमुन्यांवर दोन्ही ताडून घेतल्याशिवाय या आकड्यांची तुलना म्हणजे एका दुकानातल्या ताजव्याचं वजन दुसऱ्या दुकानात चालवण्यासारखं.

कपची पातळ असली तर आणखी घोटाळा. या ऊर्जेचे क्ष-किरण काचेत मिलिमीटरभर आत शिरतात. कपचीच त्याहून पातळ असली की ते आरपार निघून जातात आणि आकडे खोटे खाली येतात. म्हणून बारीक तुकड्यांसाठी नुसते आकडे न घेता एका मूलद्रव्याचं दुसऱ्याशी गुणोत्तर घेतात.

पूर्व तुर्कस्तानात बिंग्योलचा एक प्रकार आणि नेमरुत दाग यांचं ऑब्सिडियन इतकं सारखं आहे, दोन्ही हिरवट, दोन्ही अल्कधर्मी, की कितीतरी वर्षं अहवालांत ‘बिंग्योल-अ किंवा नेमरुत’ असं जोडनावच लिहावं लागायचं. दोघांमध्ये अंतर शंभर किलोमीटरहून अधिक. लोक कुठल्या खिंडीतून गेले याची वाट ठरवायची असेल तर हा घोळ लहान नाही.

पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो नदीचा मुद्दा. यंत्र ज्वालामुखीचं नाव सांगतं, दगड उचलला ती जागा नाही. न्यू मेक्सिकोतल्या हेमेस डोंगरांतले ऑब्सिडियनचे गोटे रिओ ग्रांदे नदीनं शेकडो किलोमीटर खाली वाहून नेलेत. खालच्या अंगाला राहणाऱ्या माणसानं घरामागच्या वाळूतला गोटा उचलून बाण केला, तर यंत्र त्याला हेमेसचा म्हणणार, आणि आपण नकाशावर लांबलचक व्यापारमार्ग आखून मोकळे होणार! प्रवास झाला खरा, पण नदीचा.

एवढी पथ्यं पाळून केलेल्या कामाची उत्तरं मात्र थक्क करतात. केनियातल्या ओलोरगेसाइली इथे तीन लाखांहून जास्त वर्षांपूर्वीचे ऑब्सिडियनचे तुकडे २५ पासून ९५ किलोमीटरवरचे निघाले. आपल्या जातीचा माणूस घडत होता त्या सुमाराची ही देवाणघेवाण. जपानच्या कोझुशिमा बेटाचं ऑब्सिडियन सुमारे ३८,००० वर्षांपूर्वी मुख्य बेटावर पोचलेलं, तेही समुद्र ओलांडूनच. पापुआ न्यू गिनीजवळच्या न्यू ब्रिटन बेटावरचं, तालासेआचं ऑब्सिडियन तर सुमारे ३,००० वर्षांपूर्वी पश्चिमेला बोर्निओत आणि पूर्वेला फिजीपर्यंत गेलेलं.

फ्रांख्थीचे तुकडेही याच परीक्षेतून गेले. मिलोसवर काचेच्या मुख्य खाणी दोन, स्ता निखिया आणि देमेनेगाकी, आणि त्यांच्यातलाही बारीक फरक आता ओळखता येतो. बाकीचे उमेदवार, लिपारी, तुर्कस्तान, एजियनमधलंच ग्याली बेट, एकेक करून बाद झाले. उरलं मिलोस. त्यामुळे १३,००० वर्षांपूर्वीचा तो समुद्रप्रवास कुणाच्या कल्पनेवर उभा नाही, काही पीपीएम स्ट्रॉन्शियमवर उभा आहे.

आणि आपली गारगोटी

आपल्या दख्खनवर एवढा लाव्हा पसरला, मग आपल्याकडे ऑब्सिडियनच्या खाणी का नाहीत? दोन कारणं. एक म्हणजे आपला लाव्हा बसाल्टचा, सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास. पातळ. तो वाहत गेला, थरावर थर साचले, सह्याद्रीच्या पायऱ्या झाल्या. काच व्हायला लागतो तसा काकवीसारखा रस तो नव्हे. दुसरं म्हणजे वय. दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षं जुना, आणि काच इतकी टिकत नाही; तिच्यात हळूहळू पाणी मुरतं, स्फटिक धरू लागतात, आणि ती काच राहत नाही.

त्याबदल्यात बसाल्टच्या पोकळ्यांमध्ये दुसरंच काही साठलं: गारगोटी, अकीक, कॅल्सेडनी. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठच्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ ते १९८३ पर्यंत उत्खनन केलं, तेव्हा ताम्रपाषाणयुगातल्या शेतकऱ्यांची पाती मिळाली ती या कॅल्सेडनीची. लांबट, सरळ, कडेला धार. तांबं महाग होतं, कापाकापी दगडानंच चालायची.

या पात्यांना गाव विचारलं तर? इथे ऑब्सिडियनची युक्ती लंगडी पडते. कॅल्सेडनी वितळलेल्या रसातून झालेली नाही, पोकळीत झिरपणाऱ्या पाण्यातून थरथर साचली आहे. ती जवळजवळ निव्वळ सिलिका, म्हणजे दगडफूल-नागकेशर फारसं नाहीच, आणि जे आहे ते एकाच खड्याच्या एका पट्ट्यात वेगळं, शेजारच्या पट्ट्यात वेगळं. शिवाय खाण अशी एक नाही. नाशकापासून सोलापूरपर्यंत कुठलाही ओढा धरा, गारगोट्या आहेतच. सिंधू संस्कृतीतल्या अकीक दगडांवर असले प्रयत्न झाले आहेत, पण ऑब्सिडियनसारखं दोन मिनिटांत बोट ठेवावं असं काम ते नाही.

इनामगावचे अवशेष पुण्यात डेक्कन कॉलेजच्या संग्रहालयात ठेवलेले आहेत. आणि त्याच जातीच्या गारगोट्या घोड नदीच्या पात्रात आजही पडलेल्या असतात. रात्री अंधारात एकमेकींवर घासून ठिणगी पाडायचा खेळ आपल्यातल्या बहुतेकांनी लहानपणी खेळलेला असतो. ती पाती घडवणाऱ्यानं त्याची गारगोटी याच पात्रातून उचलली की चार गावं पलीकडून आणली, हे एक्सआरएफला विचारून कळणारं नाही.